गुण आणि बाधा : मुरुमांवरील एका औषधाच्या इतिहासाचा विचार

१. प्रास्ताविक

औषधांच्या इतिहासाचे सामान्यतः दोन प्रकार आढळतात. एकात शोधाची कथा असते, दुसऱ्यात अनर्थाची. औषध घ्यावे की न घ्यावे हे घेणाऱ्याने कोणत्या काळी, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या शब्दांच्या आधारे ठरविले, याचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. प्रस्तुत लेखात आयसोट्रेटिनोइन या औषधासंबंधी तसा विचार करावयाचा आहे. तीव्र स्वरूपाच्या मुरुमांवर पोटात घ्यावयाचे हे औषध १९८२ पासून वापरात आहे, आणि त्याच्याइतके गुणकारी व त्याच्याइतके वादग्रस्त औषध त्वचारोगांच्या क्षेत्रात दुसरे दाखविणे कठीण आहे.

लेखिकेचा विषय भाषाशास्त्र हा आहे, वैद्यक नव्हे. या विषयाकडे वळण्यास एक साधा प्रसंग कारण झाला. एम्. ए. च्या वर्गातील एक विद्यार्थिनी औषधाच्या डबीतील घडी घातलेला कागद घेऊन आली आणि त्यावरील एका इंग्रजी वाक्याचा अर्थ विचारू लागली. वाक्यातील एक शब्द ग्रीक धातूवरून साधलेला होता, म्हणून तो भाषाशास्त्राच्या कक्षेतला असावा असा तिचा समज. शब्दाचा अर्थ ‘गर्भात व्यंग निर्माण करणारे’ असा होता. तिचे लग्न ठरले होते आणि चेहरा त्यापूर्वी स्वच्छ व्हावा या हेतूनेच ती गेले दोन महिने ते औषध घेत होती. एका मैत्रिणीच्या जुन्या चिठ्ठीवर तिने ते दुकानातून आणले होते. ओठ फुटतील, एवढे तिला ठाऊक होते.

औषधाचे फायदे आणि दुष्परिणाम ‘तोलून’ निर्णय घ्यावा, असे आपण सहज म्हणतो. तोलण्याची ही क्रिया कोणत्या अटींवर शक्य होते, हा या लेखाचा प्रश्न आहे. आयसोट्रेटिनोइनच्या इतिहासात असे दिसते की, त्याचे सर्व दुष्परिणाम एकाच प्रकारचे नाहीत. काही तोलता येतात, काही तोलताच येत नाहीत, आणि काहींच्या बाबतीत तोलणाऱ्याविषयीच शंका उत्पन्न होते. हे तीन प्रकार वेगळे ओळखण्यास वैद्यकास आणि शासनसंस्थांस बराच काळ लागला. त्या विलंबाची किंमत पुष्कळांना द्यावी लागली.

२. संज्ञांचा विचार

रोग जुना आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या प्रकरणात तरुणांच्या मुखावर उठणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या दिसणाऱ्या पुटकुळ्यांचे वर्णन असून त्यांस ‘मुखदूषिका’ असे नाव दिले आहे. कफ, वात व रक्त ही त्यांची कारणे सांगितली आहेत, आणि वमन व वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरी यांचा लेप हा उपचार. मराठीतील ‘तारुण्यपिटिका’ हा शब्द या परंपरेशी जुळणारा आहे. बोलीत मात्र ‘मुरूम’ आणि ‘पुटकुळी’ हेच शब्द चालतात.

इंग्रजीतील ‘ॲक्ने’ या शब्दाची हकीकत मनोरंजक आहे. सहाव्या शतकातील अमिडा येथील एटियस या ग्रीक वैद्याच्या ग्रंथात तो आढळतो. मूळ शब्द ‘अक्मे’ म्हणजे टोक, शिखर, वयाचा बहर असा असावा आणि नकलून घेणाऱ्याच्या हातून ‘म’ च्या जागी ‘न’ पडला असावा, असे अनेक कोशकार मानतात. हे खरे असल्यास संस्कृत व ग्रीक या दोन्ही परंपरांनी या रोगाचे नाते तारुण्याशी जोडले असे म्हणावे लागते. या नात्याचे एक अनिष्ट फळ असे की, वयाबरोबर जाणारा विकार म्हणून त्याची उपेक्षा झाली. वस्तुतः त्याच्या तीव्र प्रकारात त्वचेखाली गाठी होतात, त्या पिकतात, एकमेकींस मिळतात आणि जन्मभर राहणारे व्रण मागे ठेवतात. १९४८ साली सुल्झबर्गर व झाइडेन्स या अमेरिकन लेखकांनी या विकाराने होणाऱ्या मानसिक आघाताकडे लक्ष वेधले, तेव्हाही ते मत रूढ समजुतीच्या विरुद्धच होते.

आता ‘दुष्परिणाम’ या शब्दाकडे पाहू. इंग्रजी शब्द परिणामाची जागा सांगतो. मुख्य परिणाम मध्ये, हा बाजूला. मराठी शब्द परिणामाची प्रत सांगतो. तो वाईट आहे, एवढेच. परंतु मराठीची खरी अंतर्दृष्टी या पारिभाषिक शब्दात नसून रोजच्या दोन वाक्प्रयोगांत आहे. ‘मला या औषधाने गुण आला’ आणि ‘मला हे औषध बाधले’. दोन्ही वाक्यांत ‘मला’ हे चतुर्थीचे रूप आहे. अनुभव घेणारा कर्ता नाही. त्याच्या ठिकाणी काहीतरी घडते, चांगले किंवा वाईट. दोन्ही वाक्यांतील ‘मला’ एकाच व्यक्तीचे वाचक आहे, हे आपण न बोलता गृहीत धरतो. ज्याला गुण येतो त्यालाच औषध बाधते आणि म्हणून त्यानेच तोलावे, हा व्यवहाराचा नियम या गृहीतावर उभा आहे. आयसोट्रेटिनोइनच्या इतिहासात हेच गृहीत ढासळले.

३. पूर्वेतिहास : एका जीवनसत्त्वाची दोन रूपे

आयसोट्रेटिनोइन हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातील द्रव्य आहे. या कुळाच्या घातक बाजूची माहिती जीवनसत्त्वाचा शोध लागण्यापूर्वीच माणसाला झाली होती. विल्यम बॅरेंट्झ याच्या आर्क्टिक सफरीत १५९७ साली नोव्हाया झेम्ल्या बेटावर अडकलेल्या डच खलाशांनी पांढऱ्या अस्वलाचे यकृत शिजवून खाल्ले. ते आजारी पडले आणि त्यांपैकी तिघांची कातडी डोक्यापासून पायापर्यंत सोलून निघाली, अशी नोंद गेरिट द व्हेर याच्या दैनंदिनीत आहे. या यकृतातील विष म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचा प्रचंड साठा होय, हे १९४३ साली रोडाल व मूर यांनी दाखविले. ज्या द्रव्याच्या अतिरेकाने कातडी सोलते त्याचा त्वचेशी काही विशेष संबंध असला पाहिजे, हे अनुमान त्यातून सहज निघते.

योगायोग असा की, त्याच १९४३ साली अमेरिकेतील स्ट्राउमफ्योर्ड या वैद्याने मुरुमांच्या रुग्णांना रोज १ लक्ष एकक ‘अ’ जीवनसत्त्व देऊन त्याचे फळ प्रसिद्ध केले. उपाय काही अंशी लागू पडत होता. परंतु गुण येण्याची मात्रा आणि बाधण्याची मात्रा यांत अंतर फार थोडे होते.

गर्भासंबंधीचा पुरावाही याच काळात जमत होता. टेक्सासमधील फ्रेड हेल याने १९३३ साली ‘अ’ जीवनसत्त्वरहित आहारावर ठेवलेल्या एका डुकरिणीच्या ११ पिल्लांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांतील एकालाही डोळे नव्हते. पुढे १९५३ साली सिडनी कोहलन याने याच जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने उंदरांच्या गर्भात व्यंगे निर्माण होतात असे दाखविले. अभाव आणि अतिरेक या दोहोंनीही गर्भ बिघडतो, याचा अर्थ असा की गर्भाच्या घडणीतच या द्रव्याला काही निश्चित काम असले पाहिजे. आयसोट्रेटिनोइन बाजारात येण्यापूर्वी २९ वर्षे ही गोष्ट छापून प्रसिद्ध झाली होती, हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

त्या काळी मुरुमांवर दुसरे कोणते उपाय होते, तेही पाहिले पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्ष-किरणांचा उपचार सर्रास केला जाई. मुरूम जात, परंतु अशा किरणांमुळे पुढे कित्येक वर्षांनी त्वचेचे व कंठस्थ ग्रंथीचे कर्करोग उद्भवू शकतात असे आढळले. ज्या तरुणाला गुण आला होता तोच पन्नाशीत रुग्ण होऊन परत येई. एकाच माणसाच्या आयुष्यात गुण आज आणि बाधा पुष्कळ वर्षांनी, असा हा प्रकार होय. शतकाच्या मध्यानंतर टेट्रासायक्लीन वर्गातील प्रतिजैविके आली. ती तुलनेने सौम्य होती, परंतु तीव्र गाठी असलेल्या रुग्णांत बहुधा अपुरी पडत.

४. शोध आणि पहिला तोल : १९७६ ते १९८२

बाझेल येथील रोश या कंपनीत वेर्नर बोलाग हा संशोधक ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनविलेल्या द्रव्यांचा कर्करोगाच्या दृष्टीने अभ्यास करीत होता. मूळ जीवनसत्त्वापेक्षा गुण अधिक आणि विषारीपणा कमी अशा द्रव्याचा शोध हे त्याचे उद्दिष्ट होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत गॅरी पेक व फ्रँक योडर यांनी अशांपैकी एक द्रव्य त्वचा जाड व खवलेदार करणाऱ्या आनुवंशिक विकारांवर वापरून १९७६ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यानंतर पेक व त्याचे सहकारी तीव्र मुरुमांकडे वळले.

१९७९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांचा जो निबंध आला तो त्वचारोगांच्या इतिहासात मैलाचा दगड ठरला. इतर उपचारांना दाद न देणारे १४ रुग्ण, सुमारे चार महिने औषध, आणि १३ रुग्णांची त्वचा पूर्णपणे स्वच्छ. उरलेल्या एकातही मोठी सुधारणा. याहून महत्त्वाचे म्हणजे औषध थांबविल्यावरही गुण टिकून राहिला. तोवरचे उपाय चालू असेतोवरच उपयोगी पडत.

या यशाचे कारण असे. मुरुमांच्या उत्पत्तीत त्वचेतील तैलग्रंथींचा मोठा भाग असतो. आयसोट्रेटिनोइनने या ग्रंथी आकसतात आणि तेलाचे प्रमाण फार मोठ्या अंशाने, काही रुग्णांत ९० टक्क्यांपर्यंत, घटते. केसांच्या कूपांचे तोंड बुजण्याची क्रिया थांबते, जंतूंना पोषक असे वातावरण राहत नाही आणि दाहही ओसरतो. रोगाच्या चारही कारणांवर चालणारे हे एकच औषध होय. शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम, आणि संपूर्ण उपचारात एकूण १२० ते १५० मिलिग्रॅम, अशी मात्रा पुढे रूढ झाली.

बाधाही त्याच क्रियेतून निघते. तेल आटले की ओठ फुटतात, आणि हे जवळजवळ प्रत्येक रुग्णात घडते. डोळे कोरडे पडतात, नाकातून रक्त येते, स्नायू व सांधे दुखतात. रक्तातील ट्रायग्लिसराइड हा स्निग्ध घटक वाढतो आणि यकृताच्या तपासणीत बदल दिसू शकतो, म्हणून रक्ताची तपासणी करावी लागते. यांपैकी बहुतेक त्रास औषध थांबविल्यावर नाहीसे होतात.

हा पहिला प्रकार होय. येथे ‘मला गुण आला’ आणि ‘मला बाधले’ यांतील ‘मला’ एकच आहे, दोन्ही अनुभव एकाच काळातले आहेत, आणि बाधा बहुतांशी परतविता येते. व्रणांनी विद्रूप होऊ पाहणारा चेहरा एका पारड्यात आणि चार-सहा महिन्यांचे फुटके ओठ दुसऱ्यात घालून कोणीही समंजस माणूस निर्णय घेऊ शकतो. वैद्याचे काम माहिती देण्याचे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे १९८२ मध्ये औषधास मान्यता दिली आणि सप्टेंबरात ‘अक्युटेन’ या नावाने ते बाजारात आले, तेव्हा वैद्यांच्या मनात तोलण्याचे हेच चित्र होते. गर्भवतींनी औषध घेऊ नये अशी सूचना पत्रकावर प्रथमपासून होती. परंतु अनेक सूचनांपैकी ती एक होती. प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे दिलेली ही सूचना माणसाच्या बाबतीत किती अक्षरशः खरी ठरणार आहे, हे त्या भाषेवरून वाचकास उमगण्यासारखे नव्हते.

५. दुसरा ‘मला’

वर्षही पुरे झाले नाही तोच, १९८३ साली, व्यंग असलेल्या अर्भकांची वृत्ते येऊ लागली. अन्न व औषध प्रशासनातील फ्रान्झ रोझा यांनी त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये त्यांकडे लक्ष वेधले. १९८५ साली एडवर्ड लॅमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५४ गर्भधारणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९५ मध्ये गर्भपात करवून घेण्यात आला होता, १२ मध्ये तो आपोआप झाला होता, २६ अर्भके मोठ्या व्यंगावाचून जन्मली आणि २१ अर्भकांत गंभीर व्यंगे होती. कान अपुरे किंवा मुळीच नसणे, चेहऱ्याची, हृदयाची, थायमस ग्रंथीची व मेंदूची सदोष घडण, असे एक ठरावीक चित्र त्यांत पुनःपुन्हा दिसत होते.

या चित्राचे कारण पुढे स्पष्ट झाले. १९८७ साली स्ट्रासबर्ग येथील पिएर शांबों आणि कॅलिफोर्नियातील रोनाल्ड एव्हान्स यांच्या प्रयोगशाळांनी रेटिनॉइक अम्लाचे ग्राहक स्वतंत्रपणे शोधून काढले. हे अम्ल पेशीच्या केंद्रात जाऊन कोणती जनुके चालावीत व कोणती थांबावीत हे ठरविते. गर्भ स्वतःच अत्यल्प प्रमाणात ते वापरतो. कोणत्या जागी कोणता अवयव घडावा, याची ती एक खूण असते. बाहेरून मोठ्या प्रमाणात तेच द्रव्य आले की सर्व खुणा एकदम मिटल्यासारख्या होतात. तात्पर्य, तैलग्रंथी आकसविणारी क्रिया आणि गर्भ बिघडविणारी क्रिया या दोन वेगळ्या क्रिया नाहीत. पेशीला आज्ञा देण्याची एकच शक्ती दोन ठिकाणी दोन फळे देते. अशा ठिकाणी बाधेला ‘बाजूचा’ परिणाम म्हणणे दिशाभूल करणारे आहे.

भाषिक दृष्टीने पाहता येथे वाक्यातील चतुर्थी दुभंगली. गुण आईला आला आणि औषध बाधले मुलाला. एकाचा चेहरा आणि दुसऱ्याचे हृदय एका तराजूत घालता येत नाही. तोलणाऱ्याचे माप येथे लागूच पडत नाही. माहिती देऊन निर्णय रुग्णावर सोपविणे ही पहिल्या प्रकारात योग्य असलेली रीत येथे अपुरी पडते. येथे निषेधच हवा. थॅलिडोमाइडच्या अनर्थाने १९६१ साली हा धडा जगाला दिला होता. परंतु थॅलिडोमाइड गर्भाला बाधते हे ते विकले जात असताना कोणास ठाऊक नव्हते, आणि येथे पूर्वसूचना हाताशी होती. फरक एवढाच की, धोका ठाऊक असलेले औषध जेथे पोहोचावयाचे त्या घरांत धोक्याची भाषा पोहोचली नाही.

निषेध कसा सांगावा, हा यापुढील इतिहासाचा विषय झाला. प्रथम वैद्यांना पत्रे गेली आणि पत्रकावरील इशारा ठळक चौकटीत आला. १९८८ साली रोश कंपनीने गर्भधारणा-प्रतिबंधाचा कार्यक्रम आखला. त्यात औषधाच्या वेष्टनावर गर्भवती स्त्रीची आकृती आणि तिच्यावर तिरपी रेघ असलेले वर्तुळ छापण्यात आले. चित्र सर्वांना कळते, हा त्यामागचा विश्वास. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी खूण स्त्रियांना दाखवून तिचा अर्थ विचारला गेला. योग्य अर्थ सांगणाऱ्या थोड्या निघाल्या. हे गर्भनिरोधक औषध असावे, असे समजणाऱ्या त्यांहून अधिक होत्या. भाषेच्या अभ्यासकास यात आश्चर्य वाटू नये. ‘हे घेतल्यास गर्भ राहत नाही’ आणि ‘हे घेताना गर्भ राहता कामा नये’ या दोन वाक्यांतील भेद रेघ मारलेल्या आकृतीत दाखविण्याची सोयच नाही. निषेध, संकेत आणि अट यांतील भेद क्रियापदाची रूपे दाखवितात, चित्र नव्हे.

१ मार्च २००६ पासून अमेरिकेत ‘आयप्लेज’ ही व्यवस्था सक्तीची झाली. तिचे नावच ‘मी प्रतिज्ञा करते’ असे आहे. वैद्य, रुग्ण आणि औषधविक्रेता या सर्वांची नोंदणी, गर्भ राहू शकणाऱ्या रुग्णाने औषधापूर्वी व दरमहा करावयाची गर्भतपासणी, औषधापूर्वी एक महिना, चालू असताना व नंतर एक महिना पाळावयाचे गर्भनिरोधाचे दोन उपाय, असा तिचा साचा होता. जे. एल. ऑस्टिन याने १९५५ च्या आपल्या व्याख्यानांत, काही वाक्ये वर्णन करीत नाहीत, ती उच्चारणे हीच कृती होय, हा सिद्धान्त मांडला आणि प्रतिज्ञा हे त्याचे ठळक उदाहरण दिले. औषध मिळण्यासाठी असे वाक्य उच्चारणे आवश्यक करणारी ही व्यवस्था म्हणजे त्या सिद्धान्ताचा शासकीय प्रयोगच म्हटला पाहिजे. त्याचे फळ संमिश्र आहे. १९९७ ते २०१७ या काळात अमेरिकेत हे औषध घेत असता गर्भ राहिल्याच्या ६७४० घटना नोंदल्या गेल्या. २००६ नंतर संख्या उतरली, तरी २०११ पासूनही दरवर्षी दोनशेहून अधिक घटना नोंदल्या जात राहिल्या. शिवाय डिसेंबर २०२१ मध्ये या व्यवस्थेची संगणकयंत्रणा बदलताना पुष्कळ रुग्णांना काही काळ औषधच मिळेनासे झाले. प्रतिज्ञा घेतल्याने वर्तन बदलतेच असे नाही, आणि प्रतिज्ञेची यंत्रणा कोलमडली तर ज्याला गर्भाचा धोकाच नाही त्याचेही नुकसान होते. तथापि निषेधाला काही रूप देणे अपरिहार्य होते, हे यामुळे खोटे ठरत नाही.

६. तोलणारे मन

तिसरा प्रकार सर्वांत अवघड होय. फेब्रुवारी १९९८ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने खिन्नता, मनोविकृती आणि आत्महत्येचे विचार यांविषयीचा इशारा पत्रकात घातला. २००० साली अमेरिकन काँग्रेसचे सदस्य बार्ट स्टुपाक यांच्या तरुण मुलाने आत्महत्या केली. त्यांनी तिचा संबंध या औषधाशी जोडला आणि प्रश्न सार्वजनिक वादाचा झाला.

येथे कारण व परिणाम वेगळे काढणे विलक्षण कठीण आहे, कारण रोग स्वतःच मनाला बाधतो. २०१० साली स्वीडनमधील सुंडस्ट्रोम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० ते १९८९ या काळात हे औषध घेतलेल्या ५७५६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण औषध सुरू होण्यापूर्वीच वाढू लागले होते, आणि औषध संपल्यानंतरच्या सहा महिन्यांत ते सर्वाधिक होते. पहिल्या गोष्टीवरून रोगाकडे बोट जाते. दुसरीवरून औषधाची निर्दोषता सिद्ध होत नाही. चेहरा स्वच्छ होऊनही आयुष्य अपेक्षेप्रमाणे बदलले नाही, ही निराशाही तेथे असू शकेल, असे त्या लेखकांनी सुचविले आहे. २०२३ साली सोळा लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात लोकसमूहाच्या पातळीवर आत्महत्येचा वा मनोविकारांचा धोका वाढल्याचे दिसले नाही. तथापि समूहाची सरासरी एखाद्या विशिष्ट मुलाविषयी अभय देत नाही, आणि इशारे कायम आहेत.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी. या प्रकारात ‘मला’ एकच आहे, परंतु त्या ‘मला’च्या मुळाशी जे मन आहे तेच रोगाने वा औषधाने बदललेले असू शकते. तराजूच हलत असेल तर त्याच्या काट्यावर विश्वास ठेवता येत नाही. येथे माहिती पुरेशी नाही आणि निषेधही योग्य नाही, कारण उपचार नाकारणे हीदेखील त्याच मनाला इजा असू शकते. येथे दुसऱ्याच्या नजरेची गरज आहे. आई, भाऊ, मित्र, वैद्य, कोणीतरी विचारणारे हवे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२३ पासून १८ वर्षांखालील रुग्णास औषध सुरू करताना दोन चिकित्सकांची सहमती आवश्यक करण्यात आली आणि मनःस्थितीची विचारपूस उपचाराचा भाग मानली गेली. त्यामागचे तत्त्व हेच होय.

७. उपसंहार

सारांश, आयसोट्रेटिनोइनच्या इतिहासात ‘तोलणे’ या एका क्रियापदाखाली तीन भिन्न भाषिक व्यवहार दडलेले आढळतात. देहाच्या बाधेसाठी माहिती, गर्भाच्या बाधेसाठी निषेध, मनाच्या बाधेसाठी विचारपूस. १९८२ साली या तिन्ही गोष्टी एकाच पत्रकावर एकाच सुरात, किंबहुना काही मुळीच न लिहिता, सोपविल्या गेल्या. त्यानंतरचा इतिहास म्हणजे तिघींचे सूर वेगळे करण्याची धडपड होय. औषध वाईट नाही. तीव्र रोगात त्याने जे दिले ते दुसऱ्या कोणत्याही औषधाने दिले नाही, आणि त्याला भिऊन व्रण पत्करणे हा शहाणपणा नव्हे. परंतु त्याचा उपयोग करण्यास जी भाषा लागते ती औषधाच्या डबीतून आपोआप मिळत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक तीव्र आहे. भारतात आयप्लेजसारखी नोंदणीची व्यवस्था नाही. वैद्याची चिठ्ठी हाच एक बांध आहे, आणि तो किती पातळ असतो हे प्रारंभी सांगितलेल्या प्रसंगावरून दिसते. त्यात आपल्या समाजाचा एक विशेष भर घालतो. मुलीचा चेहरा स्वच्छ व्हावा ही निकड घरात सर्वाधिक केव्हा भासते, तर लग्न ठरविताना. म्हणजे जेव्हा निषेधाचे कारण सर्वांत जवळ येते, नेमके तेव्हाच औषध सुरू होते. आणि निषेध लिहिलेला असतो तो परभाषेत, बारीक अक्षरांत, ग्रीक धातूच्या आड.

त्या विद्यार्थिनीस प्रथम त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठविले. औषध तूर्त थांबले, लग्नाची तारीख लक्षात घेऊन उपचाराची नवी आखणी झाली. त्यानंतर एका दुपारी विभागात बसून आम्ही दोघींनी पत्रकातील त्या वाक्याचे मराठी केले. ‘गर्भधारणा टाळावी’ असे तिने प्रथम लिहिले. ते बरोबर होते, पण ऊन टाळावे, तिखट टाळावे, या सुरातले होते. शेवटी आम्ही असे लिहिले : ‘हे औषध चालू असताना आणि थांबविल्यावर एक महिना गर्भ राहता कामा नये. राहिल्यास बाळाच्या हृदयात, मेंदूत, चेहऱ्यात गंभीर व्यंग होण्याचा मोठा धोका आहे. पाळी चुकल्यास गोळी त्याच दिवशी थांबवा आणि वैद्याला भेटा.’ तिने ते वाचले आणि विचारले, हे एवढेच होते, तर मग तसेच का लिहिले नाही? औषधांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी आणि मराठीच्या अभ्यासकांनी मिळून ज्याचे उत्तर द्यावे असा हा प्रश्न आहे.